मुदत उलटल्यानंतरचे अपील: विलंबाचा हिशेब कोणी आणि कसा द्यायचा?

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये शेजारच्या कर्नाटकातील एका जमीनवादात महत्त्वाचा निवाडा दिला. कर्नाटक गृहनिर्माण मंडळाने खालच्या न्यायालयाच्या निकालाविरुद्धचे अपील तब्बल 3966 दिवस, म्हणजे जवळपास अकरा वर्षे उशिराने दाखल केले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने हा विलंब माफ केला. सर्वोच्च न्यायालयाने तो माफीचा आदेश रद्द ठरवला आणि सरकारी यंत्रणांच्या सुस्तीला न्यायालयांनी संरक्षण देऊ नये, असे उच्च न्यायालयांना बजावले.

बातमी म्हणून हा विषय एका दिवसात मागे पडला. गोव्यासारख्या राज्यासाठी मात्र त्याचे महत्त्व टिकणारे आहे. येथे वडिलोपार्जित घर, भाट, शेत, मुंडकाराचे घर आणि कोमुनिदादची जमीन यांवरून पिढ्यान्‌पिढ्या खटले चालतात. एका वादात दहा-पंधरा सहहिस्सेदार असणे नवलाचे नाही. त्यांतील काही आखातात, काही जहाजावर, तर काही पोर्तुगाल किंवा इंग्लंडमध्ये असतात. निकाल लागतो तेव्हा तो कळायला हवा अशा सर्वांनाच तो वेळेत कळतो, असे नाही. त्यामुळे अपिलाची मुदत उलटून जाणे आणि मग न्यायालयाकडे विलंबमाफी मागणे, हा प्रसंग येथील असंख्य कुटुंबांवर कधी ना कधी येतो. अशा वेळी कायदा नेमके काय पाहतो आणि त्याचा बडगा कोणावर पडतो, हे समजून घ्यायला हवे.

कायद्याची चौकट

मुदत कायदा, 1963 यानुसार दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करण्यासाठी 30 दिवस, तर उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी 90 दिवस मिळतात. फौजदारी खटल्यात शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात 30 आणि उच्च न्यायालयात 60 दिवसांची मुदत आहे. फाशीच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यासाठी ती 30 दिवसांचीच आहे. निकालाचा दिवस मोजणीत धरला जात नाही. निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंतचा काळही वजा होतो. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते.

ही मुदत उलटली की कायद्याचे कलम 3 आडवे येते. समोरच्या पक्षाने हरकत घेतली नाही, तरी मुदतबाह्य प्रकरण फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक आहे. त्यातून वाट काढणारी तरतूद म्हणजे कलम 5. अपील वेळेत दाखल न करण्यामागे ‘पुरेसे कारण’ होते, अशी न्यायालयाची खात्री पटवता आली, तर विलंब माफ होऊन अपील दाखल करून घेता येते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागू होते. मूळ दाव्यांना नाही. दावा दाखल करण्याचीच मुदत निघून गेली असेल, तर कितीही सबळ कारण असले तरी या कलमाचा आधार मिळत नाही.

गोव्यात हा फरक जुन्या पिढीला विशेष बोचला. मुक्तीनंतरही 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील मुदतीचे नियम येथे लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये मान्य केले होते. त्या संहितेत काही देण्यांसाठी 20 ते 30 वर्षांची मुदत होती. सिंडिकेट बँकेच्या एका प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका बदलली आणि 1963 चा मुदत कायदाच गोव्याला लागू असल्याचा निर्वाळा दिला. दशकांत मोजल्या जाणाऱ्या मुदतीची सवय असलेल्या समाजाला वर्षांत आणि दिवसांत मोजल्या जाणाऱ्या मुदतीशी जुळवून घ्यावे लागले.

चार दिवसांसाठी घडलेले तत्त्व

‘पुरेसे कारण’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. ती न्यायालयांनी घडवली. या विषयावरील जवळजवळ प्रत्येक अर्जात ज्याचा दाखला दिला जातो, तो निवाडा 1987 चा आहे. काश्मीरमधील अनंतनागच्या भूसंपादन अधिकाऱ्यांचे अपील अवघे चार दिवस उशिरा आल्याने उच्च न्यायालयाने फेटाळले होते. न्यायमूर्ती म. प्र. ठक्कर यांच्या पीठाने तो विलंब माफ केला. पक्षकाराला मुद्दाम उशीर करून काही मिळत नसते, उलट तो स्वतःचेच नुकसान ओढवून घेतो. म्हणून तांत्रिक नियम आणि खरा न्याय यांत निवड करायची वेळ आली, तर न्यायाला झुकते माप द्यावे, असा त्या निवाड्याचा आशय होता.

तत्त्व रास्त होते. मात्र चार दिवसांसाठी सांगितलेली उदारता पुढे चारशे आणि चार हजार दिवसांसाठी मागितली जाऊ लागली. तिचा सर्वाधिक वापर ज्यांच्याकडे कायदा विभाग, पगारी वकील आणि अधिकाऱ्यांची फौज आहे, अशा सरकारी खात्यांनीच केला, ही यातील विसंगती.

1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 883 दिवसांचा विलंब माफ करताना आणखी एक सूत्र मांडले: विलंब किती दिवसांचा, यापेक्षा दिलेले कारण पटण्याजोगे आहे की नाही, याला महत्त्व आहे. काही दिवसांचा उशीरही खोट्या कारणामुळे अक्षम्य ठरू शकतो आणि काही वर्षांचा उशीरही खऱ्या कारणामुळे माफ होऊ शकतो. हे सूत्र आजही कायम आहे. अर्जदाराने प्रथम हे ध्यानात ठेवावे की, न्यायालय दिवस मोजते ते कारणाची कसोटी लावण्यासाठी.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रेवा कोलफिल्ड्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच सांगितले होते की, मुदत संपताच जिंकलेल्या पक्षाला एक मौल्यवान हक्क प्राप्त होतो आणि तो सहजासहजी काढून घेता येत नाही. वीस वर्षे खटला लढून घर मिळवलेल्या माणसाने आणखी किती वर्षे दाराकडे डोळे लावून बसायचे? विलंबमाफीच्या प्रत्येक अर्जात हा प्रश्न अनुच्चारित असतो. हरलेल्या पक्षाची अडचण आणि जिंकलेल्या पक्षाची निश्चिंती यांचा तोल राखणे, हेच न्यायाधीशाचे काम.

सरकारला वेगळा न्याय?

गेल्या दीड दशकात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी विलंबाविषयीची भूमिका टप्प्याटप्प्याने कठोर केली. 2012 मध्ये टपाल खात्याचा 427 दिवसांचा विलंब माफ करण्यास न्यायालयाने नकार दिला. संगणक आणि आधुनिक संपर्कसाधनांच्या काळात फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती, हे कारण पुरेसे ठरत नाही, असे तेव्हा सांगितले गेले. ऑक्टोबर 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकारचे 663 दिवस उशिराचे प्रकरण फेटाळताना न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या पीठाने एका वेगळ्याच रोगावर बोट ठेवले. सरकारी खाती अनेकदा अपील फेटाळले जावे, याच अपेक्षेने उशिरा दाखल करतात. एकदा न्यायालयाने दार बंद केले की संबंधित अधिकाऱ्याच्या हाती आपण सर्व प्रयत्न केल्याचे जणू प्रमाणपत्र पडते. पीठाने 25 हजार रुपयांचा खर्च लादला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले.

एप्रिल 2024 मध्ये पुण्यातील एका मालमत्तेच्या वादात केंद्र सरकारने 12 वर्षे 158 दिवसांनी आपली फेटाळली गेलेली याचिका पुन्हा सुरू करण्याची मागणी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम ठेवला.

या ओघातही सुसंगती पूर्णपणे आली आहे, असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेश सरकारचा 1788 दिवसांचा विलंब सर्वोच्च न्यायालयाने नाकारला आणि एक लाख रुपयांचा खर्च लादला. मार्च 2025 मध्ये त्याच राज्याचा 1537 दिवसांचा विलंब दुसऱ्या पीठाने 50 हजार रुपयांच्या खर्चावर माफ केला. वाद सरकारी मानल्या जाणाऱ्या जमिनीचा असल्याने तो गुणवत्तेवर ऐकला जावा, हा विचार तेथे प्रभावी ठरला. प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असते, हे मान्य. पण चार महिन्यांच्या अंतराने एकाच सरकारला मिळालेली ही दोन उत्तरे पाहिली, तर सामान्य पक्षकाराने आपल्या अर्जाचे भवितव्य कशावरून ओळखावे, हा प्रश्न उरतोच.

सरकारी जमीन ही जनतेची मालमत्ता असते आणि एका कारकुनाच्या हलगर्जीमुळे ती खासगी हातात जाऊ नये, हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोमुनिदाद आणि सरकारी जमिनींवरील अतिक्रमणांनी ग्रासलेल्या गोव्याला तर तो अधिकच पटेल. परंतु त्यावर उतारा म्हणून माफीचे दार सताड उघडे ठेवणे म्हणजे हलगर्जीला अभय देणे होय. सरकारला माफी द्यायचीच असेल, तर फाइल कोणाकडे किती दिवस पडून होती आणि त्याच्यावर कोणती कारवाई झाली, हे प्रतिज्ञापत्रात नमूद करण्याची अट असावी. त्याशिवाय पुढच्या फाइलचा वेग वाढणार नाही.

गरिबाचा उशीर

सरकारविरुद्धची ही कठोरता स्वागतार्ह असली, तरी तिचा दुसरा परिणाम नजरेआड करता येणार नाही. न्यायालयाने घट्ट केलेला नियम सरकारपुरता मर्यादित राहत नाही. तो पुढे प्रत्येक अर्जदाराला लावला जातो. एप्रिल 2024 मध्येच आंध्र प्रदेशातील एका भूसंपादन प्रकरणात मृत दावेदारांच्या वारसांचे अपील 5659 दिवसांच्या विलंबामुळे सर्वोच्च न्यायालयाने नाकारले. प्रकरणाची माहितीच उशिरा मिळाल्याचे वारसांचे म्हणणे होते. साडेपंधरा वर्षांचा काळ मोठा आहे आणि न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या चौकटीत बसतो, याबद्दल वाद नाही. तरीही दोन विलंबांतील फरक स्पष्ट आहे. खात्याला निकाल पहिल्या दिवशी कळलेला असतो आणि तरीही ते हलत नाही. वारसांना, विशेषतः सासरी गेलेल्या मुलींना, अनेकदा खटला होता हेच ठाऊक नसते.

वकिलावर विसंबून राहणाऱ्यांची वाटही आता अवघड झाली आहे. वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये म्हटले होते. नोव्हेंबर 2024 मधील एका निकालात मात्र सगळा दोष वकिलावर ढकलून पक्षकाराला मोकळे होता येणार नाही, त्याने स्वतःही आपल्या खटल्याची चौकशी करायला हवी, असे सांगण्यात आले. सुशिक्षित व्यावसायिकाला हा नियम लावणे समजू शकते. पण सत्तरीतील वा काणकोणातील ज्या वृद्धाच्या हाती इंग्रजीतील चाळीस पानांचा निकाल पडतो, त्याने तो वाचून 30 दिवसांचे गणित कसे मांडायचे? राजभाषा कायदा 1987 मध्ये आला. कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय व्यवहारात स्थान मिळाले. न्यायालयीन निकालांची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. आपण हरलो, हे पक्षकाराला वकिलाकडून कळते. अपिलाचा शेवटचा दिवस कोणता, हे त्याला कळेलच याची हमी नाही.

शिवाय विलंबमाफीचा अर्ज प्रलंबित असताना हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला सामान्यतः स्थगिती मिळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 मधील नियम 3-अ तसे सांगतो. म्हणजे अपील ऐकायचे की नाही, यावर विचार सुरू असतानाच घराचा ताबा जाऊ शकतो. श्रीमंत पक्षकारासाठी विलंब ही खर्चाची बाब असते. एकच छप्पर असलेल्या कुटुंबासाठी ती छपराची बाब असते.

माफीला जागाच नसलेले कायदे

याहून मोठा धोका विशेष कायद्यांत दडलेला आहे. त्यांतील काहींनी माफीलाच कमाल मर्यादा घातली आहे. राष्ट्रीय हरित लवादाकडे पर्यावरणीय परवानगीविरुद्ध अपील 30 दिवसांत करावे लागते. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळतात आणि त्यानंतर लवादही काही करू शकत नाही. गावात एखादा प्रकल्प येत असल्याचे 91 व्या दिवशी कळलेल्या ग्रामस्थांना अपिलाचा हा मार्ग बंद झालेला असतो. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेलेल्यांचा मोबदल्याचा वाद लवादापुढे जातो. त्या निवाड्याला जिल्हा न्यायालयात आव्हान देण्यासाठी तीन महिने आणि फार तर आणखी 30 दिवस मिळतात. जीएसटीच्या पहिल्या अपिलालाही तीन महिने अधिक एक महिना, अशीच चौकट आहे. येथे कारण कितीही खरे असले, तरी त्याचा उपयोग होत नाही.

मामलेदार, उपजिल्हाधिकारी वा तत्सम प्राधिकाऱ्यांपुढील प्रकरणांत आणखी एक गुंता आहे. मुदत कायदा मुख्यत्वे न्यायालयांसाठी आहे. त्यामुळे अशा प्राधिकाऱ्याला विलंब माफ करण्याचा अधिकार आहे की नाही, हे संबंधित कायद्यातच पाहावे लागते. दिवाणी न्यायालयाचा अनुभव तेथे जसाच्या तसा गृहीत धरणे घातक ठरू शकते.

अर्ज कसा टिकतो?

विलंबमाफीचे अनेक अर्ज कारण खोटे असल्याने नव्हे, तर ते मोघमपणे मांडल्याने पडतात. 2023 मधील एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने खुलासा आणि सबब यांत फरक केला. जबाबदारी टाळण्यासाठी पुढे केली जाते ती सबब. घडलेले सर्व प्रामाणिकपणे सांगतो तो खुलासा. ‘आजारपणामुळे उशीर झाला’ ही सबब वाटते. आजार कधी सुरू झाला, रुग्णालयात कोणत्या तारखांना दाखल होतो, कधी घरी आलो, त्यानंतर वकिलाला कधी भेटलो आणि कागद कधी जमले, हे कागदपत्रांसह सांगितले की तो खुलासा होतो. परदेशातील व्यक्तीसाठी पारपत्रावरील शिक्के, जहाजावरील नोकरीचा करार, निकाल कळवणारा ईमेल हे पुरावे मोलाचे ठरतात.

अपिलासोबतच हा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. त्यात मुदत कोणत्या दिवशी संपली, नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी मिळाली आणि नेमके किती दिवस जास्त झाले, याचा हिशेब चोख हवा. दिवस चुकीचे मोजले, तर पहिल्याच सुनावणीत विश्वास डळमळतो. नकलेसाठी अर्ज मुदत संपल्यानंतर केला असेल, तर तो काळ वजा होत नाही, हेही विसरू नये. समन्सच न मिळता एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो रद्द करून घेण्यासाठीचे 30 दिवस तो कळल्याच्या दिवसापासून मोजले जातात. मात्र तो केव्हा व कसा कळला, हे सिद्ध करावे लागते.

वकील करण्याची ऐपत नसेल, तर महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. 15100 या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते. तुरुंगातील कैद्याला आपले अपील तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही पाठवता येते.

घड्याळ सुरू झाल्याचे कोण सांगणार?

विलंबाविषयीची आपली सगळी चर्चा पक्षकार उशिरा का आला, याभोवती फिरते. मुदत सुरू झाल्याचे त्याला कोणी सांगितले होते का, हे क्वचितच विचारले जाते. माहिती अधिकार कायद्याने हे सहज करून दाखवले आहे. त्या कायद्यानुसार माहिती नाकारताना अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करता येईल, हे नकाराच्या पत्रातच कळवावे लागते. ऑक्टोबर 2024 मध्ये कैद्यांच्या कायदेशीर मदतीविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असाच विचार पुढे नेला: शिक्षेच्या निकालपत्राला एक आवरणपृष्ठ जोडून वरच्या न्यायालयात दाद मागण्यासाठी मोफत वकील मिळतो, हे आरोपीला कळवावे, असे उच्च न्यायालयांना सुचवले.

हीच पद्धत दिवाणी निकालांना, मामलेदारांच्या आदेशांना आणि भूसंपादनाच्या निवाड्यांना लावायला काय हरकत आहे? प्रत्येक आदेशाच्या शेवटी मराठी व कोकणीतून चार ओळी असाव्यात: अपील कोणाकडे, किती दिवसांत, नकलेसाठी अर्ज कोठे आणि मोफत वकील कोठे मिळेल. महसुली आदेशांपुरते हे काम राज्य सरकार परिपत्रक काढून करू शकते. न्यायालयांसाठी मुंबई उच्च न्यायालय निर्देश देऊ शकते. याला मोठा निधी लागत नाही, की नवा कायदा करावा लागत नाही.

असे झाले तर न्यायालयांचेही काम सोपे होईल. ज्याला मुदत त्याच्या भाषेत, लेखी कळवली होती आणि तरीही तो आला नाही, त्याला नकार देताना न्यायाधीशाला संकोच वाटणार नाही. ज्याला ती कळवलीच गेली नाही, त्याची अडचण कागदावरच दिसेल. भूसंपादनाच्या मोबदल्यासारख्या प्रकरणांत न्यायालयांनी अधूनमधून अवलंबलेला मध्यम मार्गही मग अधिक वापरता येईल: विलंब माफ करायचा, पण विलंबाच्या काळातील व्याज द्यायचे नाही. त्यातून अपील ऐकले जाते आणि समोरच्या पक्षाला उशिराचा भुर्दंडही बसत नाही.

तोवर गोव्यातील प्रत्येक पक्षकाराने निकालाच्या दिवशीच दोन गोष्टी कराव्यात. प्रमाणित नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज द्यावा आणि अपिलाची शेवटची तारीख वकिलाकडून कागदावर लिहून घ्यावी. सहहिस्सेदार परदेशी असतील, तर ती तारीख त्यांनाही त्याच दिवशी लेखी कळवावी. उद्या माफी मागण्याची वेळ आलीच, तर आपण निष्काळजी नव्हतो, हे सांगायला तो कागद कामी येईल.